पड टाकणं आणि पडून राहणं : एका नौकेच्या ६१ दिवसांच्या नोंदी

आंजर्ले खाडी, तालुका दापोली. मे ते ऑगस्ट २०२५.

नौका लाकडी, ४२ फुटी, सहा सिलिंडरचं डिझेल इंजिन, ट्रॉलचं जाळं. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक मासेमारी बंद असते (पूर्व किनाऱ्यावर हाच काळ १५ एप्रिल ते १४ जून). या दिवसांत नौका काहीच करत नाही. हे काहीच न करणं तिच्या कुठल्या भागाला मानवतं आणि कुठल्या भागाला खातं, ते दर आठवड्याला पाहून लिहायचं, एवढंच हे काम.

वरकस (डोंगरउताराच्या हलक्या) जमिनीवर नाचणी-वरी करणारा माणूस जमीन 'पड टाकतो'. दोन-चार वर्षं पीक घेतलं की तो तिला ठरवून थांबवतो, म्हणजे तिचा कस परत येतो. तीच जमीन कुणी लक्ष न देता सोडली की ती 'पडून राहते' आणि तिच्यावर रान माजतं. दोन्हीकडे नांगर चालत नाहीच. नौकेच्या बाबतीतही हे दोन शब्द वेगळे ठेवायचे.

२८ मे

काल अमावास्या झाली. उधाणाची सर्वांत उंच भरती अमावास्येनंतर एक-दोन दिवसांनी येते आणि आपल्या किनाऱ्यावर ती भर दुपारी असते, म्हणून आजचा दिवस. पुढचं उधाण ११ जूनच्या पौर्णिमेला, तोवर थांबणं शक्य नाही. यंदा पाऊस मे महिन्यातच उतरलाय आणि हर्णैच्या उघड्या बंदरात नौका ठेवण्यासारखी राहिलेली नाही. पाजपंढरीच्या बाजूनं खाडीत आत आणून दुपारच्या भरतीला वर घेतली.

टेके लावण्यातच निम्मं काम असतं. तळकण्याखाली (बुडाच्या मधल्या लांब कण्याखाली) दर सहा फुटांवर एक ओंडका. प्रत्येक ओंडक्याखाली दुप्पट रुंदीची फळी, कारण भिजलेली वाळू नुसत्या ओंडक्याला गिळते. दोन्ही बाजूंना चार-चार तिरके टेके, तेही जिथे आतून आडवी भिंत किंवा फासळी येते तिथेच. दोन फासळ्यांच्या मधे टेका दिला की दोन महिन्यांत फळी आत दबते आणि सांधा उघडतो. तरंगणाऱ्या नौकेला पाणी सगळीकडून सारखं धरतं. जमिनीवर तेच वजन मोजक्या जागांवर येतं, म्हणून त्या जागा विचारानं निवडायच्या.

नाळ, म्हणजे नौकेचं पुढचं टोक, मागच्या बाजूपेक्षा सहा इंच उंच ठेवली. आत शिरलेलं पावसाचं पाणी मागे वाहत जाऊन तळाच्या बुचातून बाहेर पडलं पाहिजे. बूच काढून दोरीनं सुकाणूच्या चाकाला बांधलं. ते इतरत्र कुठेही ठेवायचं नाही. नौका पाण्यात उतरवताना बूच लावायचं राहिलं, असा प्रकार दर वर्षी कुठल्या ना कुठल्या बंदरात घडतो.

बुडाचं शेवाळ आणि चिकटलेली शिंपलं ओली असतानाच, आजच्या आज खरवडली. वाळल्यावर ती दगडासारखी होतात आणि खरवडताना लाकडाचे कपचे निघतात.

२९ मे

इंजिन. रिकामपण सर्वांत वाईट मानवतं ते याला.

वापरलेल्या तेलात काजळी, पाणी आणि जळलेल्या डिझेलमधल्या गंधकाचं आम्ल असतं. इंजिन चालू असताना ते तेल सतत फिरत असतं, त्यामुळे एका जागी बसून काही खात नाही. बंद इंजिनात तेच आम्ल बेअरिंगवर ६१ दिवस बसून राहतं. 'ऑगस्टमध्ये निघतानाच तेल बदलू, आता नवं तेल का वाया घालवायचं' हा हिशेब पुष्कळ जण करतात, आणि तो उलटा आहे. तेल थांबायच्या आधी बदलायचं.

क्रम असा:

गिअर न्यूट्रलला. मागच्या नळीतलं बेअरिंग पाण्यावर चालतं, जमिनीवर पंखा फिरवला तर ते कोरडं घासून जातं. खाऱ्या पाण्याच्या पंपाची नळी २०० लिटरच्या ड्रममधल्या गोड्या पाण्यात. दुसरा ड्रम भरून शेजारी तयार, कारण पहिला बघता बघता रिकामा होतो. धिम्या गतीवर ४०० लिटर पाणी आतून काढलं. आधी येणारं पाणी चाखलं तर खारट, शेवटी सपक. तेवढं होईपर्यंत थांबायचं नाही.

इंजिन गरम असतानाच जुनं तेल काढलं, कारण गार तेलाबरोबर गाळ खाली येत नाही. फिल्टर नवा, तेल नवं, १६ लिटर. पुन्हा दोन मिनिटं चालवून नवं तेल सगळीकडे पोहोचवलं आणि मगच बंद.

पंपातला रबरी इम्पेलर (पाणी ओढणारं पात्यांचं चाक) काढला. त्याची पाती घरात वाकलेल्या स्थितीत बसतात. दोन महिने तशीच राहिली तर वाकच कायम होतो आणि ऑगस्टमध्ये पंप पाणी ओढत नाही. धुऊन, पुसून, प्लास्टिकच्या पिशवीत, सावलीत ठेवला. ग्रीस लावायचं नाही, रबर फुगतं. पट्टे सैल केले. सायलेन्सरच्या तोंडात बोळा आणि वरून प्लास्टिक. बोळा घातल्याची चिठ्ठी किल्लीला बांधली.

नोझल (डिझेल फवारणारी तोटी) काढून सिलिंडरमध्ये तेल सोडावं का, यावर मतं वेगळी आहेत. सहा-आठ महिन्यांसाठी सोडावं. दोन महिन्यांसाठी आठवड्यातून एकदा हातानं फिरवलं तरी भागतं.

३१ मे

डिझेल. टाकी ६०० लिटरची, ५७० लिटरपर्यंत भरली. अर्धी टाकी सर्वांत वाईट. वरच्या मोकळ्या जागेतल्या दमट हवेचं रात्री पाणी होऊन तळाशी साठतं आणि पाणी-डिझेलच्या सीमेवर जिवाणू-बुरशीचा काळा चिकट थर धरतो. मग पहिल्याच फेरीला, लाटेत टाकी हलली की तो थर फिल्टरमध्ये येतो आणि इंजिन नेमकं खाडीच्या तोंडाशी, खडपाजवळ बंद पडतं. एवढं डिझेल भरून ठेवायला पैसे अडकतात हे खरं. परवडत नसेल तर टाकी पूर्ण उपसून, पुसून, कोरडी ठेवावी. मधला मार्ग इथे नाही.

बॅटऱ्या दोन, पूर्ण चार्ज, विसाव्यानंतर दोन्ही १२.७ व्होल्ट. पहिलीच्या तारा काढून घरात लाकडी फळीवर ठेवली. दुसरी नौकेवरच, वायरलेसला जोडलेली राहिली. काढायची राहून गेली होती, आता ती तुलनेसाठी तशीच ठेवतो.

५ जून

पावसानं उघडीप दिली आहे, बुडाचं लाकूड बोटाला कोरडं लागतं. रिकामपणाचा सर्वांत मोठा फायदा इथे होतो.

लाकूड पोखरणारा टेरेडो दिसतो अळीसारखा, पण आहे शिंपल्याच्या कुळातला. बारीक असताना आत शिरतो आणि आतच वाढतो, म्हणून बाहेर टाचणीएवढं भोक आणि आत करंगळीएवढी पोकळी. नौका वर घेतली की तो बिळाचं तोंड बंद करून आतल्या ओलीवर काही आठवडे तग धरतो. दहा-पंधरा दिवस नौका सुकवून परत पाण्यात सोडली तर तो जिवंतच असतो. दोन महिन्यांत मरतो. या एका कामासाठी पूर्ण काळ थांबणं लागतं, घाई केली तर काही उपयोग नाही.

बुडावर हातोडीनं टकटक करत गेलो. चांगल्या फळीचा आवाज खणखणीत, पोखरलेल्याचा भदभद. डाव्या बाजूला मागून तिसऱ्या फासळीखाली वीतभर जागा भदभद वाजली. टोच्या सहज पाऊण इंच गेला. तेवढा तुकडा काढून नवा बसवायचा, पण आज नाही. शेजारचं लाकूड अजून ओलं आहे. आज तुकडा बसवला तर शेजार सुकून आक्रसेल आणि फट पडेल.

काजूच्या टरफलाचं तेल वरच्या फळ्यांना एक हात दिला. हे तेल कातडी जाळतं. हाताला आधी खोबरेल, वर रबरी मोजे, आणि डोळ्याला हात लावायचा नाही. ओल्या लाकडावर ते धरत नाही, वर चिकट राहून पावसात ओघळतं. म्हणून उघडीप मिळेल त्याच दिवशी लावायचं, तारीख ठरवून नव्हे.

संध्याकाळपर्यंत शाकारणी पूर्ण. मधे आढ्यासारखा उभ्या आधारांवर बांबू, त्याला तिरके बांबू, त्यावर झाप खालून वर एकावर एक अर्धा येईल असे, सर्वांत वर ताडपत्री. पुढची आणि मागची बाजू उघडी. खणांची झाकणं चार बोटं उचलून खाली लाकडाचे ठोकळे. ताडपत्री थेट डेकवर अंथरली तर पाऊस आत येत नाही, पण आतली वाफही बाहेर जात नाही. दोन आठवड्यांत आतून घाम सुटतो आणि लाकूड कुजायला लागतं.

१७ जून

तीन दिवस मुसळधार. मागच्या बाजूला तळात बादलीभर पाणी. नौका मागे उतरती, बूच उघडं, तरी पाणी साठलं. भोकात झापाचा कुजका तुकडा अडकला होता. तारेनं मोकळं केलं, भोकावर आतून जाळीचा तुकडा लावला.

गोडं पाणी लाकडाला खाऱ्यापेक्षा वाईट. मिठाच्या पाण्यात लाकूड कुजवणारी बुरशी सहसा धरत नाही, पावसाच्या पाण्यात धरते. खलाशांच्या फळकुटाखाली, जिथे वारा पोचत नाही, तिथे लाकडावर पांढुरका पापुद्रा दिसला. पिठासारखा, बोटानं पुसला की खालचं लाकूड किंचित मऊ, वास ओल्या भुईमुगाच्या टरफलासारखा. टोच्या आत जात नाही, म्हणजे अजून वरवरच आहे. फळकुट उचलून उभं केलं, जागा खरवडून पुसली, फासळ्यांच्या कोपऱ्यांत जाडं मीठ टाकलं. पूर्वीपासून चालत आलेला उपाय आहे आणि त्यामागचं कारण वर आलंच.

हे सगळं बारा दिवसांत झालं. शाकारणी चांगली असूनही झालं. शाकारून कुलूप लावून गावी गेलेल्या मालकाला हे ऑगस्टमध्ये दिसतं, तोवर टोच्या मुठीपर्यंत जातो.

२७ जून

परवाची अमावास्या, त्याचं उधाण, वर डोंगरातून जोग नदीला आलेलं पाणी. खाडी ओंडक्यांपर्यंत चढली. ओहोटीनंतर मागून दुसऱ्या ओंडक्याखालची वाळू गेलेली, ओंडका दोन बोटं खाली.

डोळ्याला हे कळत नाही. नाळेपासून मागपर्यंत डेकवर ताणलेली सुतळी मात्र दाखवते. मधोमध फळीपासून तिचं अंतर २८ मेला मोजून खडूनं लिहिलेलं होतं, ते बदललंय. दुसरी खूण बर्फाच्या खणाचं झाकण, जे अलगद बसायचं ते आता एका कोपऱ्यात अडतं. असंच महिनाभर राहिलं तर तळकणा त्या वळणात बसतो आणि मग इंजिन आणि शाफ्ट (पंखा फिरवणारा दांडा) एका रेषेत येत नाहीत. जॅक लावून, जुनी फळी काढून, दगडगोटे भरून वर नवी फळी. पाचर मारताना सुतळीकडे बघत मारायची, खुणेवर आली की थांबायचं.

३० जून

बॅटरी: घरातली १२.५५ व्होल्ट, नौकेवरची १२.१. वायरलेस बंद असला तरी त्याची आठवण राखणारा भाग थोडी थोडी वीज ओढत असतो. १२.१ म्हणजे निम्म्याहून कमी चार्ज. या अवस्थेत पडून राहिली की पत्र्यांवर कडक सल्फेट धरतं आणि नंतर कितीही चार्ज करा, पूर्वीची ताकद येत नाही. तुलना पुरे झाली. दोन्ही काढून चार्जला लावल्या.

इंजिन पाचव्यांदा फिरवलं. स्टॉपची दोरी ओढलेली, फ्लायव्हीलवर खडूची खूण, पान्यानं सव्वा फेरा. पूर्ण एक फेरा नाही, कारण मग पिस्टन परत त्याच जागी येऊन थांबतात. पहिल्या आठवड्यापेक्षा जड वाटत नाही, म्हणजे ठीक.

४ जुलै

माणसांचं रिकामपण. हेही नौकेच्या वहीत लिहायला हवं, कारण ऑगस्टमध्ये माणसं बिघडली असतील तर इंजिन चांगलं असून उपयोग नाही.

शरीराला या दोन महिन्यांची गरज आहे, हे पहिल्या पंधरवड्यात दिसतं. हंगामात झोप भरतीच्या वेळेवर, दोन-तीन तासांच्या तुकड्यांत. पहिले आठ-दहा दिवस खलाशी घरी असूनही पहाटे तीनला जागे होतात, मग हळूहळू सलग झोप लागते. मिठानं आणि दोरानं फाटलेली बोटांची पेरं तीन आठवड्यांत भरून येतात. कमरेचं दुखणं मात्र बसून बरं होत नाही, रोज थोडं चालणाऱ्यांचंच कमी झालेलं आहे.

दुसरी बाजू पैशाची. उत्पन्न शून्य, खर्च तोच. जुलैत उचल मागितली जाते आणि ती पुढच्या हंगामाच्या वाट्यातून कापली जाते. दुपारपासून पत्ते आणि दारू सुरू होते ती याच महिन्यात, आणि त्याचं कारण आळस नाही, वेळेला आकार नसणं हे आहे. ज्यांची भाताची लावणी आहे ते या फेऱ्यात सापडत नाहीत, त्यांचं काम पाऊसच ठरवतो. ज्यांना शेत नाही त्यांच्यासाठी उपयोगी पडलेली पद्धत: सकाळी आठ ते बारा जाळ्याचं काम, त्याची मजुरी त्याच आठवड्याला रोख, दुपार पूर्ण मोकळी. दुपारीही काम काढून ठेवलं तर विश्रांती जाते आणि सकाळचं कामही रेंगाळतं. मोकळी दुपार मोकळीच ठेवायची, त्यात कुणी झोपला तर झोपू द्यायचा.

११ जुलै

जाळी. नायलॉनला उन्हाचा त्रास, उंदरांचा त्यापेक्षा जास्त. २ जूनला गोड्या पाण्यात तीनदा धुऊन, सावलीत सुकवून बांबूच्या माचावर, जमिनीपासून अडीच फूट, सैल टांगलेली. मीठ राहिलं तर ते हवेतली ओल ओढतं आणि गाठी कायम दमट राहतात. माशाचा वास राहिला तर उंदीर येतात. आज तपासणीत एकाच जागी कुरतडलेलं, नेमकी तीच बाजू भिंतीला टेकलेली होती.

खोळ (मासळी साठते ती जाळ्याची शेवटची पिशवी) बदलायला घेतली, नवीन ४० मिमी चौकोनी आसाची. आस म्हणजे जाळ्याचं छिद्र. हिऱ्याच्या आकाराची आस जाळं ओढताना मिटते आणि बारीक मासळी अडकते. चौकोनी आस ताणाखालीही उघडी राहते. पापलेट २०२३ मध्ये राज्य मासा ठरला, पण ऑगस्टमध्ये तळहाताएवढंही न झालेलं पापलेट जाळ्यात आलं तर दोन महिने थांबून काय मिळवलं? पावसाळ्यात अनेक जाती अंडी घालतात, खाडीत वाढलेली कोळंबी समुद्राकडे निघते. समुद्राला दिलेली सुट्टी सगळ्यांनी एकत्र पाळली तरच लागू पडते, आणि सुट्टी संपल्यावर पहिल्या महिन्यात आस बारीक असेल तर ती वायाच जाते.

१८ जुलै

'रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी' याची लागण या सुमाराला होते. हात रिकामे, इंजिन समोर, मग चांगली चालणारी नोझल खोलणं, व्हॉल्व्हची फट 'जरा बघून घेणं', डिझेल पंपाचा स्क्रू हलवणं. शेवटच्या फेरीपर्यंत धूर पांढरा-काळा नव्हता, तेल खात नव्हतं, सुरू व्हायला वेळ लागत नव्हता. मग हात लावायचा नाही. दमट हवेत उघडलेल्या नोझलच्या टोकावर एका रात्रीत गंज धरतो आणि बंदरावरच्या धुळीत पंपाची जोडणी होत नाही. या हंगामात न केलेली कामं म्हणून वरची तिन्ही लिहून ठेवली.

केलेलं काम: भदभद वाजणारी फळी. लाकूड आता सुकलंय. कुजका भाग चांगल्या लाकडात दोन इंच आत जाईपर्यंत कापून सागाचा तुकडा, तांब्याचे खिळे, सांध्यात कापूस आणि वर राळ-तेलाची लांबी (फट बुजवायचा लगदा). कापूस ठोकताना फार घट्ट नको. लाकूड पाण्यात फुगतं, तेव्हा घट्ट कापूस फळीलाच बाहेर ढकलतो.

२३ जुलै

उद्या अमावास्या. बुडाला तांब्याचा रंग, दोन हात. इम्पेलर बसवला, पाती फिरण्याच्या उलट दिशेला वाकवून. पट्टे ताणले, सायलेन्सरचा बोळा काढला, चिठ्ठी फाडली. मागच्या ग्लँडची (शाफ्ट बुडातून बाहेर पडतो तिथे पाणी अडवणाऱ्या जोडाची) जुनी डोरी काढून नवी, तीन वेढे, प्रत्येकाचा जोड वेगळ्या दिशेला.

२६ जुलै

सकाळी बूच लावलं, दोघांनी वेगवेगळं तपासलं. दुपारच्या भरतीला नौका उठली. पहिल्या तासात सांध्यांतून पाणी येणारच. आठ आठवडे सुकलेलं लाकूड फुगून फटी मिटवतं, त्याला वेळ लागतो. घाबरून बाहेरून लांबी भरायची नाही, पंप चालू ठेवायचा. आज दर तासाला ११ मिनिटं पंप.

२७ जुलै

चोवीस तासांनी शाफ्टची जुळणी. जमिनीवर केलेली जुळणी उपयोगाची नाही, तरंगताना नौकेचा आकार किंचित बदलतो. कपलिंगच्या (इंजिन आणि शाफ्टच्या जोडाच्या) चार बाजूंना फीलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी): वर ०.१०, खाली ०.२५ मिमी. मागच्या पायाखाली पातळ पत्रा दिल्यावर चारी बाजू ०.१० च्या आसपास. जूनमधला तो खचलेला ओंडका नजरेतून सुटला असता तर हा फरक पत्र्यानं भागला नसता.

मग इंजिन. आधी स्टॉप ओढून स्टार्टरनं दहा-दहा सेकंद तीनदा, तेलाचा दाब काट्यावर दिसेपर्यंत. मग दुसऱ्या प्रयत्नात सुरू. पांढरा धूर दीड मिनिट, मग स्वच्छ. ग्लँडमधून मिनिटाला चार-पाच थेंब, ते हवेतच, पूर्ण कोरडं आवळायचं नाही.

पंप: तासाला ४ मिनिटं.

१ ऑगस्ट

बंदी उठली. समुद्र खवळलेला, नौका खाडीतच. पंप: सकाळ-संध्याकाळ ६ मिनिटं.

८ ऑगस्ट

आज नारळी पौर्णिमा. पंप: सकाळी २ मिनिटं, संध्याकाळी लागला नाही. नव्या तुकड्याच्या सांध्यावर बोट फिरवलं, आतून कोरडं.